काल्पनिक ग्रंथावरून विधी करण्यामागचा विचार काय?

प्रश्न: 'नेक्रोनॉमिकॉन' हा ग्रंथ आपल्याच कल्पनेतला असल्याचे अमेरिकन भयकथालेखक एच. पी. लव्हक्राफ्ट यांनी पत्रांतून स्वतः सांगितले होते, तरीही त्या नावाची मंत्रपोथी १९७७ मध्ये छापली गेली आणि तिच्यावरून विधी करणारे आजही आढळतात. त्यांना हे खटकत नाही का?

उत्तर १: 'केऑस मॅजिक' मानणाऱ्यांना खटकत नाही. १९७०च्या दशकात इंग्लंडमध्ये रुजलेल्या या प्रवाहात श्रद्धा हे केवळ साधन असते. देवता पुराणातली की कादंबरीतली, यापेक्षा तिच्यामुळे मन किती एकाग्र होते याला महत्त्व. या प्रवाहाला प्रेरणा देणारे इंग्रज चित्रकार व गूढविद्येचे अभ्यासक ऑस्टिन स्पेअर (१८८६–१९५६) यांची रीत पाहा: इच्छा एका वाक्यात लिहायची, पुन्हा आलेली अक्षरे खोडायची, उरलेल्यांची एकच आकृती गुंफायची आणि मग ती इच्छा चक्क विसरायची. (मी करून पाहिले, विसरणेच सर्वांत अवघड गेले.)

उत्तर २: त्या पोथीत मर्दुक, इनान्ना ही मेसोपोटेमियातील खरी दैवते लव्हक्राफ्टच्या कल्पित नावांशेजारी बसवली आहेत, ही माझ्या मते निव्वळ सरमिसळ आहे. मूळ पुराणकथा हवी असल्यास मातीच्या पाट्यांवरील लेखांची भाषांतरे वाचावीत.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मात्र श्रद्धा हवी तेव्हा धारण करून नको तेव्हा उतरवून ठेवता येते, हे मला अजून पटलेले नाही.