जुनं व्हील बॅलन्सिंग मशीन : स्क्रीन नको, शाफ्ट बघा

घरच्या गाड्यांसाठी जुनं व्हील बॅलन्सिंग मशीन (चाकाचं वजन कुठे कमी-जास्त आहे ते दाखवणारं) घ्यायचंय, दोनपैकी कोणतं घेऊ, असं तुम्ही विचारलंय. एक हाताने फिरवायचं, साध्या आकड्यांचं; दुसरं मोठ्या स्क्रीनचं, पण थ्री फेज विजेवर चालणारं. घरी सिंगल फेज असेल तर दुसऱ्याचा विषय तिथंच संपला. घरच्या दोन-तीन गाड्यांसाठी हाताने फिरवण्यात काही बिघडत नाही.

'मशीनने शून्य (म्हणजे चाक समतोल) दाखवलं की मशीन चांगलं' असं काही जण म्हणतात, ते मात्र पटत नाही. बघायला जाताना रिम सरळ असलेलं एक चाक सोबत न्या. रिमला छोटी वजनं लावून आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही बाजूंना शून्य आणा. मग नट सैल करा, शाफ्ट (चाक ज्यावर बसतं तो मशीनचा दांडा) तसाच धरून चाक अर्धा फेरा फिरवा, परत आवळा. आता ५-१० ग्रॅम दाखवले तर चालवून घ्या. २५-३० आले तर कोन (चाक शाफ्टवर मधोमध बसवणारे शंकूसारखे तुकडे) पुसून पुन्हा बघा. तरी तेच आलं तर कोन झिजलेत किंवा शाफ्ट वाकलाय. कोन बदलता येतात, फक्त शाफ्टच्या मापाचेच लागतात (३६, ३८, ४० मिमी असे प्रकार असतात), म्हणून शाफ्टची जाडी मोजायला व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) खिशात असू द्या. वाकलेल्या शाफ्टचं मशीन फुकट दिलं तरी नको.

मग त्याच शून्य केलेल्या चाकाच्या बाहेरच्या कडेला १०० ग्रॅमचं वजन लावा. बाहेर १०० च्या आसपास, आत जवळपास शून्य यायला हवं. नाही आलं तर कॅलिब्रेशन (मशीनचे आकडे बरोबर जुळवणं) विकणाऱ्याकडूनच समोर करून घ्या. 'नंतर माणूस पाठवतो' वगैरे ऐकू नका, तो माणूस येत नसतो.

बुलेटचीही चाकं करायची असतील तर बाईकचा अडॅप्टर वेगळा लागतो, तो सौद्यातच मागून घ्या.