मदत हवी आहे: चाहत्यांच्या मालकीच्या क्लबचं अंदाजपत्रक

इंग्लंडमधल्या एक्सेटर सिटी या फुटबॉल क्लबच्या सपोर्टर्स ट्रस्टचा, म्हणजे चाहत्यांच्या संस्थेचा, मी सभासद आहे. 2003 मध्ये बुडायला आलेला क्लब चाहत्यांनी हातात घेतला. 2005 च्या एफए कपात मँचेस्टर युनायटेडशी झालेल्या दोन सामन्यांच्या उत्पन्नाने देणी फेडायला मोठा हातभार लागला. मागे धनाढ्य मालक नाही, त्यामुळे तोंडमिळवणीसाठी खेळाडू विकावेच लागतात. आमचा जुना खेळाडू ऑली वॉटकिन्स याला ब्रेंटफर्ड क्लबने 2020 मध्ये ॲस्टन व्हिला क्लबला विकलं, तेव्हाही आमच्या क्लबला पुढच्या विक्रीतला ठरलेला वाटा मिळाला. केवढा आधार झाला तो! ताळेबंदातून असा नफा वगळून तिकिटं, प्रायोजक आणि पगार मी वेगळे मांडून पाहिले. बाहेरचा गुंतवणूकदार सुचवू नका, मालकी चाहत्यांकडेच राहायला हवी. सीए मंडळी, पुढच्या विक्रीतला असा अनिश्चित वाटा अंदाजपत्रकात धरावा का, आणि किती महिन्यांच्या पगाराइतकी गंगाजळी सुरक्षित मानायची?