बोलिंग बॉलचा लेआउट : लांब तेलाच्या लेनसाठी भोके कुठे पाडावीत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

१५ पौंडांचा एक नवा बोलिंग बॉल तीन आठवड्यांपासून माझ्याकडे खोक्यातच पडून आहे. त्याला अजून एकही भोक पाडलेले नाही. येत्या शनिवारी तो प्रो शॉपमध्ये न्यायचा आहे आणि त्याआधी लेआउटबद्दल येथील जाणकारांचे मत मला हवे आहे. एकदा ड्रिल लागले की चूक सुधारायची म्हणजे भोके बुजवून नव्याने पाडायची, म्हणून घाई करावीशी वाटत नाही.

माझी माहिती आधी देतो. मी मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ राहतो आणि चार वर्षे लीगमध्ये खेळतो आहे. उजव्या हाताने, अंगठा आणि दोन बोटे घालून टाकतो. बॉल मिनिटाला साधारण ३०० फेऱ्यांच्या गतीने फिरतो आणि फाउल लाइनपासून पहिल्या पिनेपर्यंतचे ६० फूट तो सुमारे २.४ सेकंदांत कापतो, म्हणजे एका टाकीत जेमतेम बारा फेरे होतात. माझा पीएपी, म्हणजे हातातून सुटताना बॉल ज्या अक्षाभोवती फिरतो त्याचे पृष्ठभागावरचे टोक, पकडीच्या मध्यापासून ५ इंच उजवीकडे आणि पाव इंच वर येतो. तो पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून, न डगमगता फिरणारी जागा सापडेपर्यंत सरकवत शोधला आहे, त्यामुळे या मापाबद्दल खात्री आहे. बॉलच्या आतील गाभ्याचे टोक दाखवणाऱ्या रंगीत ठिपक्यालाही ‘पिन’च म्हणतात, घोटाळा नको म्हणून त्याला मी पुढे नुसते ‘ठिपका’ म्हणेन.

सध्याचा बॉल सममित गाभ्याचा, पर्ल रिॲक्टिव्ह (तेलात घसरून कोरड्या भागात उशिरा पकड घेणाऱ्या आवरणाचा) आणि पॉलिश केलेला आहे. त्याचा लेआउट ६० × ४.५ × ३० (या आकड्यांचा अर्थ पुढे दिला आहे) असा असून ठिपका अनामिकेच्या भोकाच्या बराच वर आहे. गुरुवारच्या लीगमध्ये ४० फुटांचे नेहमीचे हाउस पॅटर्न (लेनवर तेल पसरण्याची रोजची मांडणी) असते. मध्ये तेल दाट आणि कडेला लेन कोरडी. तेथे हा बॉल अगदी मनासारखा चालतो. दहाव्या बोर्डावरून (बोर्ड म्हणजे लेनच्या अरुंद उभ्या पट्ट्या, मी त्या उजव्या कडेपासून मोजतो) कोरड्या भागात गेला की नीट वळून पॉकेटमध्ये, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या पिनेमधल्या जागेत, येतो, आणि माझे दोन-तीन बोर्ड चुकले तरी लेन सांभाळून घेते.

अडचण इतर दोन ठिकाणी आहे. रविवारच्या स्पोर्ट लीगमध्ये पॅटर्न ४५ फुटांचे आहे, आणि कडेच्या व मधल्या तेलात फारसा फरक नाही. पॅटर्नच्या लांबीतून ३१ वजा करण्याच्या ठोकताळ्याप्रमाणे बॉल तेलातून चौदाव्या बोर्डाच्या आसपास बाहेर पडायला हवा, आणि मी तेथे टाकतोही. पण तो घसरतच राहतो, फार उशिरा वळतो आणि पॉकेटला उजवीकडून निसटता लागतो. दुसरे ठिकाण म्हणजे मेपल आणि पाइनच्या जुन्या लाकडी लेनचे सेंटर. तेथे आमच्या आधीची लीग तेल पिऊन टाकते, त्यामुळे उलट घडते : बॉल अर्ध्या वाटेतच वळतो, पॉकेटमध्ये पोचतो, परंतु जोर उरलेला नसतो. दहा नंबरची पिन जागेवर उभी राहते आणि सहा नंबरची तिच्यासमोर गटारात आडवी पडलेली दिसते. हे दृश्य मी एका संध्याकाळी सात वेळा पाहिले आहे.

नवा बॉल असममित गाभ्याचा, सॉलिड (पर्लपेक्षा लेन लवकर धरणाऱ्या) आवरणाचा आणि २००० ग्रिटचा (म्हणजे तेवढ्या बारीक पॅडने घासलेला) आहे. तो मुख्यतः रविवारच्या ४५ फुटांसाठी घेतला. मला सुचवला गेलेला लेआउट ४० × ३.३७५ × ६० आहे, म्हणजे ठिपका अनामिकेच्या भोकाच्या बाजूला, किंचित खाली येईल. बोलिंग बॉलचे डिझायनर मो पिनेल यांची ड्युअल अँगल पद्धत मी वाचली आहे. ठिपक्यापासून पीएपीपर्यंत जाणारी रेषा मास बायसच्या (असममित गाभा ज्या बाजूला झुकतो त्या खुणेच्या) रेषेशी जो कोन करते तो पहिला आकडा. तो लहान असेल तर बॉल लवकर लोळू लागतो. तीच रेषा पीएपीतून जाणाऱ्या उभ्या रेषेशी जो कोन करते तो तिसरा आकडा. तो लहान असेल तर बॉल घर्षणाला चटकन, टोकदार वळणाने प्रतिसाद देतो आणि मोठा असेल तर वळण गोलाईचे होते. मधला आकडा ठिपका ते पीएपी अंतराचा. बॉलचा परीघ २७ इंच धरला तर त्याचा चौथा भाग ६.७५ इंच, ठिपका पीएपीवर किंवा ६.७५ इंचांवर असेल तर फ्लेअर (फिरताना लेनला टेकणारा पट्टा बॉलवर सरकत जाणे) सर्वांत कमी, आणि बरोबर मध्ये, ३.३७५ इंचांवर असेल तर सर्वांत जास्त, इतके मला समजले आहे.

तरीही निर्णय होत नाही. सॉलिड आवरण, २००० ग्रिट, जास्तीत जास्त फ्लेअर आणि लवकर लोळवणारा कोन हे सगळे एकाच बॉलमध्ये आल्यावर तो ४५ फूट तेलातसुद्धा आधीच दमणार नाही ना? की माझ्यासारख्या मध्यम फेऱ्यांच्या खेळाडूला तेवढे सगळे लागतेच? शिवाय जुन्या बॉलचे रविवारचे अपयश लेआउटचे आहे की पॉलिशचे, हे कसे ओळखावे?

प्रतिसाद

आपण माहिती नेमकी दिली आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाईल. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे त्यावर अवलंबून आहे.

लेआउट वळणाचा आकार बदलतो. बॉल लेन किती धरेल हे आधी पृष्ठभाग ठरवतो. यूएसबीसीच्या (युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेस) बॉल मोशन अभ्यासातही पृष्ठभागाचा खरखरीतपणा हाच सर्वांत प्रभावी घटक ठरला होता. म्हणून शनिवारपूर्वी जुना बॉल स्पिनरवर (बॉल फिरवणाऱ्या यंत्रावर) ठेवून २००० च्या पॅडने घासा आणि त्याच ४५ फुटांवर सरावाला न्या. तो लवकर वळू लागला तर दोष पॉलिशचा होता. पॉलिश पुन्हा करता येते, भोकांचे तसे नाही.

त्याच सरावात आणखी एक करा. बॉल परत आल्यावर त्यावर तेलाची कडी दिसतात. पहिल्या आणि शेवटच्या कड्यावर मेणाच्या पेन्सिलीने खूण करून त्यांतले सर्वांत जास्त अंतर लवचिक टेपने मोजा. प्रत्येक फेऱ्यात आवरणाचा नवा, कोरडा पट्टा लेनला लागणे हाच फ्लेअरचा उपयोग आहे. कडी एकमेकांवर चढत नसतील तर पुरेसा फ्लेअर आपल्याला आताच मिळतो आहे, आणि तो आणखी वाढवून फारसे हाती लागणार नाही.

लाकडी लेनवर दिसणारी गटारातली सहा नंबरची पिन बरेच काही सांगते. बॉल लवकर वळून लोळू लागला की पिनांवर आदळल्यावर तो बाजूला ढकलला जातो, सहा नंबरची पिन दहाच्या गळ्याशी पोचत नाही आणि समोर आडवी होते. पॉकेटमध्ये साडेसतराव्या बोर्डावर साधारण ६ अंशांनी शिरणारा बॉल आदर्श मानतात. आपला त्यापेक्षा कमी कोनात शिरत असावा. तेथे अधिक ताकदीचा लेआउट नको, कमी घर्षणाचे आवरण हवे. युरेथेन आवरणाच्या बॉलकडे वळू नका, तो अशा लेनवर आणखी लवकर लोळेल. पॉलिश केलेला, कमी डिफरेन्शियलचा (म्हणजे कमी फ्लेअर देणारा) एखादा साधा रिॲक्टिव्ह बॉल पुढे कधी तरी घ्या. नव्या बॉलवर ही दोन्ही कामे लादू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

आता नवा बॉल. ४० × ३.३७५ × ६० चूक नाही, पण तो मिनिटाला ४०० च्या आत-बाहेर फेरे देणाऱ्याला जास्त शोभेल. ३०० ला बॉल वळून झाल्यावर पिनांसाठी फार थोडे उरेल, ही आपली शंका मला योग्य वाटते. मी ५० × ४ × ५० करीन. ठिपका अनामिकेच्या उजवीकडे, जरासा वर येईल. फ्लेअर भरपूरच राहील, वळण जुन्या बॉलपेक्षा लवकर आणि गोलाईचे होईल, आणि सपाट पॅटर्नवर गोलाईच कामी येते, कारण तेथे टोकदार वळणाच्या बॉलला एका बोर्डाची चूकही महाग पडते. एक लक्षात ठेवा : १ ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसीच्या स्पर्धांत बॅलन्स होल (बोट न घालायचे जादा भोक) चालत नाही. पूर्वी फ्लेअर कमी-जास्त करायला जादा भोक पाडून घेता येत असे, आता पहिल्या ड्रिलिंगमध्येच सगळे ठरते.

धागाकर्ता

मनापासून आभार. काल सराव करून आलो. २००० चे पॅड फिरवल्यावर तोच बॉल, त्याच चौदाव्या बोर्डावरून, डोळ्यांना स्पष्ट जाणवेल इतका आधी वळला आणि पहिल्या गेममध्ये पॉकेट सहसा चुकले नाही. दुसऱ्या गेमच्या मध्यापासून मात्र तो पुन्हा डळमळू लागला : एक टाक उंच, म्हणजे पहिल्या पिनेवर जास्तच समोरून, पुढची निसटती. कड्यांमधले अंतर सर्वांत रुंद जागी साडेचार इंच भरले, आणि दोन बोटांच्या भोकांजवळची गाठ सोडली तर एकही कडे दुसऱ्यावर चढलेले नव्हते. म्हणजे फ्लेअरची कमतरता नव्हतीच.

५० × ४ × ५० करायचे ठरवले आहे. फक्त एक राहिले : माझ्या अंगठ्याचे भोक मोठे आणि खोल असते. असममित गाभ्यावर त्याचा परिणाम लेआउट ठरवताना धरावा लागेल का?

प्रतिसाद

सममित बॉलमध्ये अंगठ्याच्या भोकाने थोडी असममिती नव्यानेच तयार होते, म्हणून तेथे ते अधिक जाणवते. आपल्या बॉलचा मास बायस मुळातच ठळक आहे, त्यामुळे ५० अंशांवर काळजीचे कारण नाही. मात्र भोक लागेल त्याहून खोल पाडू देऊ नका. दुसऱ्या गेममधली डळमळ तेल सरकल्याची आहे. तेव्हा पाय दोन बोर्ड डावीकडे न्या, नजर एक. पहिल्या तीन गेमनंतर नव्या बॉलच्या कड्यांचे छायाचित्र येथे टाकावे.