रताळ्याला डोळे नसतात

मुलांकडून शिक्षक शिकतो ते मोबाईल नि ॲप वापरणं, बाकी काही नाही, असं एकांनी लिहिलेलं वाचलं. मला हे अजिबात पटत नाही.

मी बेळगावच्या पश्चिम भागातल्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते. पावसाळ्यात इकडच्या माळरानावर रताळी असतात आणि सुट्टीच्या दिवशी मुलं शेतातच. बटाटा हे खोड आणि रताळं हे मूळ, एवढं सांगून पुस्तक मोकळं होतं. यंदा एका मुलीनं कारणच सांगितलं, "टीचर, बटाट्याला डोळे असतात, डोळा धरून तुकडा लावला की उगवतो. रताळ्याला डोळेच नसतात, म्हणून आम्ही वेल तोडून लावतो." डोळा म्हणजे कोंब फुटायची जागा, ती खोडाला असते. मग तिनं उठून फळ्यावर वरंबा काढला, वेलाची कुठली पेरं मातीत दाबायची नि मुळं कुठून फुटतात तेही दाखवलं. ही मुलगी लेखी परीक्षेत कायम मागं! आता मी हा पाठ तिच्याच क्रमानं घेते, आधी लागवड, मग व्याख्या. वर्ग लगेच बोलायला लागतो.

कन्नडचंही तेच. घरी मराठी, बाजारात कन्नड, ही मुलं सहज बोलतात. बदली होऊन आलेल्या शिक्षकानं पहिले काही महिने त्यांच्याकडूनच कन्नड शिकावं.

अभ्यासक्रम संपवायची घाई असते, मान्य. तरी आठवड्यातला एक तास मुलांना बोलायला द्याच.

निपाणी-चिकोडीकडचे शिक्षक इथं कुणी आहेत का? तंबाखू-उसाच्या पट्ट्यातली मुलं कुठल्या पाठात अशी भर घालतात, ते वाचायला आवडेल.