मदत हवी आहे: गावात मोकळी हिंडणाऱ्या मांजरीसाठी कोणता ट्रॅकर घ्यावा? (औसा तालुका, लातूर)

नमस्कार मंडळी,

औसा तालुक्यातल्या एका खेड्यात आम्ही राहतो. घर जुनं, माळवदाचं, पुढच्या अंगाला दोन पत्र्याच्या खोल्या. आमची मांजर कबरी, तीन वर्षांची, ऑपरेशन झालेली. सोयाबीनची पोती आणि ज्वारीची कणगी तीच राखते. ती यायच्या आधी दर हंगामात दोन-तीन पोती कुरतडलेली निघायची, आता एकही नाही. "घरातच ठेवा" असं कृपया सांगू नका. आमच्या घराला दिवसभर दार लावायची पद्धतच नाही, आणि माळवदावरून तिला सगळी गल्ली मोकळी आहे.

मागच्या महिन्यात ती चार दिवस गायब होती.

पहिल्या रात्री वाटलं, येईल. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी भाकरी कुस्करून दुधाची वाटी उंबऱ्याजवळ ठेवली, ती संध्याकाळी तशीच. मग मी आणि आमचे हे टॉर्च घेऊन निघालो. भावकीची विहीर आहे, बिनकठड्याची. आत टॉर्च मारला तर खाली पाण्यावर काहीतरी पांढरं हललं. माझे पाय लटपटायला लागले. यांनी पोहऱ्याचा दोर सोडून ते हलवून बघितलं, कॅरीबॅग होती. त्यानंतर ओढा, उसाची कड, कडब्याची गंजी, सगळं पालथं घातलं. उंदराला घालायचं औषध कुणी टाकलंय का, हेही घरोघर विचारून आले. विष खाल्लेला उंदीर मांजरीनं खाल्ला तर तीही जाते, ही भीती वेगळीच.

चौथ्या रात्री साडेदहाला लाईट गेली, गल्लीतले पंखे आणि टीव्ही बंद झाले, आणि त्या शांततेत शेजारच्यांच्या गुळीच्या (भुशाच्या) खोलीतून खरवडल्याचा आवाज आला. ते लोक तुळजापूरला आणि तिथून लेकीकडे गेले होते. निघताना खोलीला कुलूप घातलं, ही आत गुळीवर झोपलेली असणार. फोन करून चावी कुठं ठेवलीय ते विचारलं, कुलूप काढलं. डोळे चिकटलेले, जीभ कोरडी, पण जिवंत. आमच्या दारापासून ती खोली साठ पावलांवर आहे. त्याच दारापुढं उभी राहून मी तीन दिवस तिला हाका मारल्या होत्या, आणि तिनं एकदाही ओ दिली नव्हती.

तेव्हापासून डोक्यात हेच आहे. नंतर वाचलं की घाबरलेलं मांजर मालकाच्या हाकेलाही गप्प बसतं. २०१८ साली हरवलेल्या मांजरांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सापडलेल्या मांजरांपैकी पाऊण हिस्सा घराच्या ५०० मीटरच्या आतच सापडला होता. दुसरा अभ्यास २०२० चा. अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड धरून सहा देशांतल्या ९०० हून जास्त पाळीव मांजरांना जीपीएस बांधून बघितलं, तर सरासरी फिरण्याचं क्षेत्र ३.६ हेक्टर निघालं. म्हणजे नऊ एकर. बहुतेक मांजरं घरापासून १०० मीटरच्या आसपासच राहणारी. तिकडची मांजरं आणि आपली मांजरं एकसारखी म्हणता येणार नाहीत, पण कबरीचं वागणं त्याच्याशी जुळतं.

आता माझी अडचण.

जीपीएसचं यंत्र घ्यावं असं पहिल्यांदा वाटलं. मांजरांसाठी बनवलेला ट्रॅक्टिव्हचा छोटा जीपीएस २५ ग्रॅमचा आहे, ३ किलोच्या पुढच्या मांजरांसाठी. कबरीला सोयाबीनच्या काट्यावर पाटीत बसवून तोललं: पाटी वजा जाता ३ किलो २०० ग्रॅम. साठ किलोच्या माणसाच्या गळ्यात जवळजवळ अर्धा किलो अडकवल्यासारखं होतं हे. शिवाय जीपीएस उपग्रहाकडून फक्त जागा समजून घेतो, ती आपल्या फोनपर्यंत पोचवायला त्यात सिम आणि मोबाईलची रेंज लागते. त्याचे दर महिन्याचे किंवा वर्षाचे पैसे वेगळे, आणि दर थोड्या दिवसांनी चार्जिंग. सगळ्यात मोठी शंका ही की पत्र्याखाली, जाड भिंतींच्या आत उपग्रहाचा सिग्नल नीट येत नाही. आमची घरं एकाला एक लागून आहेत. ठिपका वीस मीटर इकडंतिकडं झाला तर चार घरं बदलतात. गुळीच्या खोलीत ती असती तर जीपीएसनं मला काय सांगितलं असतं?

दुसरा पर्याय ब्लूटूथचे टॅग. ॲपलचा एअरटॅग ११ ग्रॅमचा, सेल वर्षभर जातो, पाण्यानं बिघडत नाही, आणि तो वाजवता येतो. पण तो चालू करायलाच आयफोन किंवा आयपॅड लागतो, आणि आमच्याकडं दोघांचेही अँड्रॉइड. अख्ख्या गल्लीत आयफोन एकाच पोराकडं आहे, तोही पुण्याला असतो. सॅमसंगचा टॅग सॅमसंगच्याच फोनवर चालतो. गूगलच्या नेटवर्कवरचे (आसपासच्या अँड्रॉइड फोनकडून जागा कळणारे) टॅग आता मिळतात, जिओटॅग गो त्यातलाच.

आणखी एक गोष्ट. मी रोज सकाळी नऊला लातूरला नोकरीला जाते, संध्याकाळी सहाला परत. टॅग माझ्या फोनला जोडला तर दिवसभर फोन लातुरात आणि मांजर गावात. घरी आत्याबाई असतात, त्यांच्याकडं बटणांचा साधा फोन. अशा वेळी टॅगचा उपयोग किती?

गावात, शेतवस्तीवर कुणी मांजरीला असं काही बांधलंय का? जीपीएस घेऊ की ब्लूटूथ? पट्टा कोणता? पट्ट्याचीच मला धास्ती आहे, बोरीबाभळीत अडकून बसली तर.

---

प्रतिसाद

ताई, वाचताना विहिरीपाशी श्वास अडकला. कबरी सुखरूप आहे हे बरं झालं.

मी लातूर शहरात राहतो, माझ्या बोक्याच्या गळ्यात दीड वर्षापासून एअरटॅग आहे. शहरात झकास चालतो, कारण त्याच्या आसपास सतत कुणाचा ना कुणाचा आयफोन असतो. टॅगमध्ये जीपीएस नसतोच. जवळून जाणारा फोन त्याची जागा कळवतो, एवढंच. दिवाळीत त्याला निलंग्याकडं सासरी घेऊन गेलो तर नकाशावर सकाळचीच जागा दुपारपर्यंत दिसत राहिली, बोका मात्र दोन वाडे पलीकडं होता. तेव्हा हातात फोन धरून फिरलो आणि टॅग वाजवला, त्यावरच सापडला. तुमच्यासाठी आयफोन विकत घेण्यात अर्थ नाही.

एक सांगतो. टॅग मालकाच्या फोनपासून बराच काळ, काही तास ते एक दिवस, लांब राहिला की हलल्यावर आपोआप वाजायला लागतो. चोरून कुणाच्या मागावर राहू नये म्हणून ती सोय आहे. तुम्ही रोज संध्याकाळी घरी येता म्हणून रोजचा त्रास नाही, पण माहेरी दोन-तीन दिवस गेलात तर तिच्या कानाशी पिंपिं होणार. तेव्हा पट्टा काढून जा. शेजाऱ्यांच्या फोनवरही "अनोळखी ट्रॅकर तुमच्यासोबत आहे" असा इशारा येऊ शकतो, त्यांना आधी कल्पना देऊन ठेवा, नाहीतर घाबरतील.

कडीला लोंबणारं कव्हर घेऊ नका, वाटीवर आपटत राहतं. पट्ट्यावर सरकवायचं सपाट रबरी कव्हर घ्या.

---

प्रतिसाद

मी परभणीला पशुवैद्यकीयचं शिक्षण घेतेय, म्हणून पट्ट्याबद्दलच बोलते. झटका बसला की बक्कल आपोआप सुटतं असा पट्टा मिळतो, मांजरीला तोच. कुत्र्याचा पट्टा किंवा घट्ट इलॅस्टिक अजिबात नको. सैल पट्ट्यात मांजरीचा पुढचा पाय अडकतो आणि काखेत पट्टा कापत जातो. अशा जखमा फार चिघळतात आणि भरायला महिने लागतात. पट्टा आणि मान यात तुमची दोन बोटं सपाट जावीत, त्याहून जास्त सैल नाही, कमी नाही. हा पट्टा सुटून टॅग हरवेल, ते गृहीतच धरा. टॅग गेला तरी चालेल.

टॅगचं झाकण घट्ट आहे ना ते बघत जा. आतला गोल सेल मांजरीनं किंवा घरातल्या लेकरानं गिळला तर अन्ननलिका जळते, काही तासांत.

आणि कुणी तुम्हाला "मायक्रोचिप बसवा, सापडेल" म्हणालं तर तो गैरसमज आहे. चिपमध्ये सेल नसतो, फक्त १५ आकडी नंबर असतो, तोही स्कॅनर अगदी अंगाजवळ धरल्यावर दिसतो. मांजर कुणाची ते कळतं, कुठं आहे ते नाही.

---

प्रतिसाद

अंबाजोगाईत माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. ताई, स्वस्तातली जीपीएस यंत्रं बघत असाल तर थांबा. त्यातली पुष्कळशी २जीवर चालतात, आणि जिओचं २जी नाहीच, सुरुवातीपासून ४जी. एअरटेल किंवा व्हीआयचं सिम घालावं लागेल, आणि त्याची रेंज तुमच्या गावात, ओढ्याच्या खळग्यात किती येते ते आधी बघा. ती यंत्रं बहुतेक गाडीसाठी असतात, मांजरीच्या गळ्याला जड.

गूगलच्या टॅगची खरी मेख वेगळीच आहे. अँड्रॉइड फोनमध्ये मुळातलं सेटिंग "फक्त गर्दीच्या ठिकाणी" असं असतं. तिथं बरेच फोन एकाच टॅगजवळून गेले तरच जागा कळवली जाते. खेड्यात तेवढी गर्दी कुठली? म्हणून लोक म्हणतात टॅग चालत नाही. सेटिंग्जमध्ये गूगल, तिथं फाइंड हब (हरवलेलं शोधायची गूगलची सोय), तिथं ऑफलाइन डिव्हाइस शोधण्याचा पर्याय, आणि त्यात "सगळ्या भागांत" निवडायचं. मग एकटा फोनसुद्धा जागा कळवतो. हे तुमच्या फोनमध्ये करून भागत नाही, गल्लीतल्या जितक्या फोनमध्ये करून घ्याल तितकं चांगलं. अँड्रॉइड ९ किंवा पुढचं लागतं. पैसे लागत नाहीत, शेजाऱ्यांना काही तोशीस नाही.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पंधरा दिवसांनी लिहितेय कारण आधी करून बघायचं होतं.

गूगलच्या नेटवर्कवरचा टॅग घेतला. रविवारी गल्लीत फिरून अकरा फोनमधलं सेटिंग बदलून घेतलं. कुणीही नाही म्हणालं नाही. गुळीच्या खोलीवाल्या मामींनी तर स्वतःचा फोन आधी पुढं केला, आणि "माझ्याच कुलपानं कोंडलं गं तिला" म्हणून त्यांचे डोळे भरून आले. त्यांना बोल लावावा असं माझ्या मनात कधीच आलं नव्हतं.

त्यांच्याच खोलीत टॅग ठेवून बघितला. गुळीच्या ढिगावर ठेवला, दार लावलं. आमच्या अंगणातून फोनला काहीच लागलं नाही. वीस-पंचवीस पावलं गेल्यावर टॅग जोडला गेला, आणि दाराला कान लावल्यावर आवाज स्पष्ट ऐकू आला. मग टॅग ढिगात हातभर खोल खुपसला. आवाज दबला, पण फोनवर जवळ-लांब दिसत राहिलं. मला हवं होतं ते हेच. गल्लीत एक फेरी मारली की कोणत्या दारामागं आहे ते कळेल, चार दिवस लागणार नाहीत.

दिवसाचा प्रश्नही बराचसा सुटला. मी लातूरला असताना दुपारी फोन उघडला तर "बारा मिनिटांपूर्वी" अशी जागा दिसली, मामींच्या घराजवळची. कुणाच्या तरी फोननं कळवलं होतं. शिवाय यांच्या फोनवरही टॅग शेअर केलाय, ते शेतातून जेवायला येतात तेव्हा बघतात.

पट्टा सुटणाऱ्या बक्कलचा. पहिले पाच दिवस नुसता पट्टा, टॅगशिवाय, तोही रात्री जेवण झाल्यावर तासभर. पहिल्या दिवशी ती मागं मागं सरकत भिंतीला जाऊन टेकली आणि पाय वर घेऊन पट्टा ओरबाडत बसली. आत्याबाईंनी तिला मांडीवर घेतलं, भाकरीला तूप लावून बोटानं चारलं. "कशाला भितीस माय, तुझ्याच भल्याचं हाय." सहाव्या दिवशी टॅग सरकवला. आता तिला त्याचं काही वाटत नाही, फक्त पाणी पिताना मान जरा वाकडी करते.

राहिला तो ऊस. ओढ्यापलीकडं साडेतीन एकर आहे, तिथं रात्री कुणाचाच फोन नसतो, आणि पाचरटात शिरली की आवाजही यायचा नाही. दिवाळीनंतर तोड सुरू होईल तेव्हा मला जास्त भीती आहे. उसाच्या पट्ट्यात रात्री मांजर शोधायचा कुणाला अनुभव असेल, बॅटरीच्या उजेडात डोळे चमकतात तसं काही, तर सांगा. तोपर्यंत संध्याकाळी सातला वाटी वाजवून तिला घरात घ्यायची सवय लावतेय. चार दिवसांपैकी तीन दिवस येते.