एमएससाठी राहतं घर तारण ठेवावं का?

सातपूरकर (धागाकर्ता), जुलै २०२५

लेकीने गेल्या वर्षी मेकॅनिकल केलं, नाशकातच. सध्या अंबडला एका व्हेंडरकडे क्वालिटीत आहे, हातात २४ हजार येतात. तिला पुढच्या वर्षी एमएसला जायचंय. जर्मनी किंवा इंग्लंड.

मी एमआयडीसीत सुपरवायझर. नोकरीची सात वर्षं उरलीत. एक टू बीएचके, कर्ज फिटलेलं. मेहुणे म्हणतात, "घर तारण ठेवा, पोरगी दोन वर्षांत फेडेल." मी रविवारी कागद-पेन घेऊन बसलो.

इंग्लंड: एक वर्षाचा कोर्स, फी २० हजार पौंड धरली. व्हिसासाठी लंडनबाहेर महिना ११३६ पौंड (जुलै २०२५ चा आकडा), असे नऊ महिने दाखवायचे. दाखवायचे नऊ, पण राहायचं बारा महिने, हे कुणी सांगत नाही. वर हेल्थ सरचार्ज (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे पैसे). कोर्स वर्षाचा असला तरी व्हिसा त्याहून लांब मिळतो, म्हणून ११६४ पौंड. व्हिसा फी, तिकीट, पहिल्या महिन्याचं डिपॉझिट. ११५ चा पौंड धरला तर नऊच महिन्यांच्या हिशोबाने ३७-३८ लाख. शिकताना चढणारं व्याज मिळवलं की ४० पार.

४० लाखांना साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षं हप्ता येतो ५४ हजार. तिला तिकडे नोकरी लागली तर ठीक. नाही लागली आणि परत आली तर इथे मेकॅनिकलवालीला ५४ हजार पगार तरी मिळतो का?

म्हणून माझं मत: इथल्या पगारात हप्ता फिटेल तेवढंच कर्ज काढावं. तिथल्या पगाराच्या भरवशावर राहतं घर गहाण टाकू नये. मेहुणे मला भित्रा म्हणतात. तुम्ही बोला.

---

पंचवटी_एक्स्प्रेस

भित्रे नाही, बरोबर आहात. विषय संपला. 😀

---

इंदिरानगरची_स्टुटगार्टात

काका, विषय संपला नाही. तुमचं गणित चोख आहे, पण तुम्ही दोन देश एकाच तराजूत टाकलेत आणि वजन फक्त इंग्लंडचं केलंत.

जर्मनीत ब्लॉक्ड अकाउंटला (व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो लागतात. शंभराचा युरो धरा, १२ लाख. हे पैसे फी नाहीत, तुमच्या मुलीचेच आहेत, दर महिन्याला ९९२ तिच्या हातात परत येतात. सुरुवातीला एकाच वर्षाचे दाखवायचे. दुसऱ्या वर्षाचा बराचसा खर्च मी कमावला. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं.

आता "जर्मनीत शिक्षण फुकट" म्हणणाऱ्यांसाठी. मी बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे, इथे युरोपबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो फी आहे, २०१७ पासून. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सत्रामागे ४ ते ६ हजार लावलेत. त्यामुळे देश नाही, राज्य आणि विद्यापीठ बघा.

आणि छोटे चिमटे: विमा महिना १४० च्या आसपास. खोलीचं डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्याइतकं असू शकतं. घरात टीव्ही असो वा नसो, प्रसारण शुल्क महिना १८.३६ (हे पहिलं पत्र आलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी फसवतंय). ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे लगेच मिळत नाहीत. आधी पत्ता नोंदवा, खातं उघडा, मग. तोवर दीड-दोन हजार युरो वेगळे हवेत. मी ४०० घेऊन आले आणि दहा दिवस नागलीच्या पापडांवर काढले. 😅

एकूण दोन वर्षांत घरून १७ लाख गेले. त्यात १० लाख कर्ज. म्हणजे तुमच्याच नियमात बसतंय, काका. मग भीती कशाची?

---

सातपूरकर

@इंदिरानगरची: बेटा, पापड वाचून वाईट वाटलं. पण तू कमावलंस ते कसलं काम करून? आणि जर्मन किती येत होतं?

---

इंदिरानगरची_स्टुटगार्टात

खरं सांगते. पहिले सहा महिने गोदामात खोकी उचलली, कारण जर्मन येत नव्हतं. भाषेची बी१ पातळी झाल्यावर कंपनीत वेर्कश्टुडेंट (शिकता शिकता अर्धवेळ काम करणारी) झाले. इथल्या वाहन उद्योगात सध्या मंदी आहे, हेही लपवत नाही. माझ्या बॅचचे तिघे अजून शोधतायत. तिघांनाही जर्मन धड येत नाही.

---

निवृत्त_शाखाधिकारी

तीस वर्षं कर्जाच्या फायली पाहिल्या. सातपूरकरांच्या नियमाला माझा पाठिंबा, पण तारणाला एवढं घाबरू नका.

सरकारी बँकांत साधारण साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, वर लागतं. परदेशासाठी १५ टक्के मार्जिन, म्हणजे खर्चातला स्वतःचा वाटा, तुमचं. शिक्षण अधिक एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चढतं. ते शिकतानाच दरमहा भरत गेलात तर शेवटी डोंगर दिसत नाही. पैसे एकदम उचलू नका, सत्राप्रमाणे उचला. विनातारण देणारेही भरपूर आहेत, दर चढा असतो. घर वाचवायला म्हणून तिकडे जाल तर दहा वर्षांत त्या घराचा हॉल दिलेला असेल.

कागदांचं: इंडेक्स-२ (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), मंजूर नकाशा, मागच्या खरेदीखतांची साखळी, सर्च रिपोर्ट (वकिलाने केलेली मालकीची तपासणी). फ्लॅट भावाबरोबर सामाईक असेल तर त्याची सही. गावठाणातलं जुनं घर असेल आणि नकाशा नसेल तर तिथेच गाडी अडते. ऑफर लेटरची वाट न बघता आत्ताच फाइल लावा.

व्याजावर आयकराच्या कलम ८०ई ची वजावट आठ वर्षं मिळते, फक्त जुन्या करप्रणालीत. आणि टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापते तो कर): एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत काही नाही, वर स्वतःच्या पैशातून पाठवले तर ५ टक्के (२०२५-२६ चा दर). शैक्षणिक कर्जातून गेले तर शून्य. कापलेला टीसीएस रिटर्न भरल्यावर मिळतो. थोडे मार्चमध्ये, थोडे एप्रिलमध्ये पाठवा, दोन आर्थिक वर्षं होतात.

---

निफाडचा_बागायतदार

साहेब, तुमच्या बँकवाल्यांचं एक कोडं आजवर सुटलं नाही. माझा साडेचार एकर द्राक्षबाग. किंमत विचारा कुणालाही. पोराच्या कर्जाला सातबारा घेऊन गेलो तर म्हणाले, शेतजमीन चालत नाही. बाजूच्या गुंठेवारीतला एनए (बिगरशेती) प्लॉट मात्र चालतो!

---

निवृत्त_शाखाधिकारी

भाऊ, कोडं कायद्यात आहे. थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला कोर्टात न जाता विकू देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. कर्ज थकलं तर बँकेला ती जमीन सहज विकता येत नाही, म्हणून नको म्हणतात. शेतकऱ्याचं भलं करायला केलेली तरतूद अशा वेळी आडवी येते, हे मान्य.

---

निफाडचा_बागायतदार

असो. मी शेवटी अर्धा एकर विकला आणि पोरगा लीड्सला गेला. सातपूरकर, तुमच्याशी मी सहमत नाही. हिशोब करत बसलो असतो तर माझ्या बापाने द्राक्ष लावलंच नसतं. ऑक्टोबरात छाटणी करायची, औषधं मारायची, आणि फेब्रुवारीत अवकाळी आली की दोन तासांत सगळं मातीत. आम्ही दरवर्षी जुगारच खेळतो. मग पोरावर एकदा का नाही?

पण एक शिकलो ते सांगतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून रिटर्न कधी भरलंच नव्हतं. जिथे जाऊ तिथे पहिला प्रश्न, तीन वर्षांचे आयटीआर? शेतकरी बांधवांनो, पोरगं अकरावीत असल्यापासून शेतीचं उत्पन्न दाखवून रिटर्न भरायला लागा.

दुसरं, व्हिसाला पैसे खात्यात सलग २८ दिवस हवेत. माझे आजोबांच्या, म्हणजे पोराच्या पणजोबांच्या खात्यावर होते, ते चालले नाहीत. पोराचं स्वतःचं नाहीतर आईबापाचंच खातं लागतं, आईबापाचं असेल तर सोबत जन्मदाखला. दाखला काढला तर त्यावर पोराचं नावच नाही, जागा कोरी! बारशाआधी नोंद केलेली. महिना गेला त्यात.

---

परत_आलेला

मी बोलावं की नको, या विचारात दोन दिवस गेले.

मी इंग्लंडमध्ये एमएससी करून आलो. मॅनेजमेंटचा कोर्स, नाव सांगण्यासारखं विद्यापीठ नाही. कर्ज ३२ लाख, सुरू होईपर्यंत ३७ झालं. पदवीनंतर तिथे राहायला मिळतात ती दोन वर्षं काम शोधलं. वर्क व्हिसा स्पॉन्सर करायला कुणी तयार नव्हतं. रेस्टॉरंट, गोदाम, पुन्हा रेस्टॉरंट. आता सिडकोत आईवडिलांकडे. पगार ५२ हजार, हप्ता ४६ हजार. वडिलांनी रिटायर झाल्यावर पुन्हा नोकरी धरली.

बागायतदार काका, बाग वाया गेली तर पुढच्या वर्षी पुन्हा छाटणी करता येते. मला बारा वर्षं छाटणी नाही.

आणि आता ते दोन वर्षंही राहणार नाहीत. मे महिन्यात ब्रिटन सरकारने १८ महिने करायचं जाहीर केलंय.

---

गंगापूर_रोडची_आई

@परत_आलेला: बाळा, लिहिलंस ते बरं केलंस.

पण इतरांना विचारते. धागाकर्त्याने मुलाच्या जागी मुलगी लिहिलंय म्हणून इतके पटापट "घर जपा" म्हणताय का? लग्नात हॉल, सोनं, जेवणावळी यांवर २० लाख उडवताना कुणी हप्त्याचा धागा काढत नाही.

---

सातपूरकर

ताई, लग्नासाठीही मी घर तारण ठेवणार नाही. आणि मुलगा असता तरी हेच लिहिलं असतं. (बायको शेजारी बसून वाचतेय, तिने मान हलवली, कोणत्या दिशेने ते सांगत नाही.)

---

कॅनडा_कॉर्नरचा_जाणकार

आपल्या गावात कॅनडा कॉर्नर नावाचा चौक असल्याने पोरांना कॅनडा रिक्षाने जाता येतो असं वाटतं, त्यात त्यांची चूक नाही. मी तीन वर्षं एका कन्सल्टन्सीत काम केलं, म्हणून आतलं सांगतो. समुपदेशन "मोफत" असतं कारण पैसे पलीकडून येतात. विद्यार्थ्याने फी भरली की विद्यापीठ कमिशन देतं. जर्मनीतली सरकारी विद्यापीठं असं काही देत नाहीत. म्हणून तुम्ही जर्मनी म्हणालात की तुम्हाला तिथलं खासगी विद्यापीठ दाखवतात, किंवा "जर्मनीत फार वेळ जातो" म्हणून इंग्लंडकडे वळवतात. सगळे असे नसतात. पण पहिलाच प्रश्न विचारा: "तुम्हाला या विद्यापीठाकडून किती मिळतात?" चेहरा बघा फक्त.

---

पंचवटी_एक्स्प्रेस

अवांतर: अमेरिकेचं कुणीच बोललं नाही. आमच्याकडे सकाळच्या पंचवटीने मुंबईला, बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत व्हिसाच्या मुलाखतीला जायचं ठरलं होतं. मेअखेर नव्या मुलाखती देणंच थांबलं, जूनमध्ये सुरू झालं, आता तारखेची वाट बघतोय. व्हिसाच्या आधी घर तारण ठेवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्या.

---

निवृत्त_शाखाधिकारी

म्हणूनच म्हटलं, मंजुरी आधी घ्या, उचल व्हिसानंतर. मंजुरी घेतली म्हणजे व्याज सुरू होत नाही.

शिष्यवृत्तीचा उल्लेख राहिला. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, मराठा-कुणबी मुलांसाठी सारथीची. जागा मोजक्या, विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट. शिवाय जे. एन. टाटा एंडोमेंट, १८९२ पासून चालू आहे, सगळ्यांना खुली, कर्जरूपाने देतात. सातपूरकर, यातलं काही लागू असेल तर बघा.

---

नवी_सदस्य_१४०७

पप्पा, "टू बीएचके, सात वर्षं उरलीत, अंबडला व्हेंडरकडे क्वालिटीत" एवढं लिहिल्यावर आयडी बदलून काय उपयोग? मला मैत्रिणीने लिंक पाठवली.

घर तारण ठेवायचा विषय मी काढलाच नव्हता. तो मामाने काढला.

इंग्लंड मी मार्चमध्येच सोडून दिलं. जर्मन ए२ झालंय, संध्याकाळी सहा ते आठ "ओव्हरटाइम" असतो ना, तो कॉलेज रोडला क्लासमध्ये असतो. बी१ डिसेंबरपर्यंत होईल. सत्र ऑक्टोबर २०२६ चं. तोवर माझे साडेतीन लाख जमतात. साडेसात लाख विनातारण कर्ज काढू. उरले तीन-साडेतीन, ते तुमच्याकडून उसने हवेत, लिहून देते. हप्ता साडेसात लाखांचा दहा हजारांच्या आसपास येतो, तो अंबडच्या पगारातही फिटतो. तुमचाच नियम.

इंदिरानगरची ताई, तुम्हाला मेसेज केलाय. स्टुटगार्ट सोडून फी नसलेल्या राज्यांतली चार विद्यापीठं काढलीत, बघाल का? आणि एपीएस सर्टिफिकेटला (जर्मनीसाठी लागणारी आपल्या पदवीची तपासणी) किती दिवस लागले? मी अर्ज केलाय, त्याचे १८ हजार भरलेत.

---

सातपूरकर

कधी भरलेस?