१:१८ प्रमाणातलं शेवरोले बेल एअर (१९५७) कारचं मॉडेल: क्रोम पट्ट्या आणि इंजिन

प्रश्न: बाजूच्या पट्ट्या चंदेरी रंगवल्या की राखाडी दिसतात. इंजिनही निव्वळ प्लास्टिक वाटतंय. उपाय? आणि दारांच्या फटींत काळा वॉश (पाण्यासारखा पातळ रंग) द्यावा का?

उत्तर: रंगाने ती चकाकी येणारच नाही. बेअर मेटल फॉइल (मॉडेलवर चिकटवायचा अतिपातळ धातूचा पत्रा) वापरा. आधी साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढा, पट्टीपेक्षा २ मिमी रुंद तुकडा लावून कापसाच्या काडीने दाबा, मग कडेने कापा. ब्लेड नवंच हवं. बोथट पात्याने फॉइल फाटतं. समोरची जाळी मात्र सोनेरीच ठेवा.

उत्तर: व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन असेल तर ब्लॉक नारिंगी. डिस्ट्रिब्युटरला (प्लगना वीज वाटणारा भाग) जोडायची वायर ०.४ मिमीची: आठ प्लगच्या, एक कॉइलची. डिस्ट्रिब्युटर मागे, फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधली भिंत). वायरींची भोकं हाताच्या ड्रिलनेच पाडा, मोटरने प्लास्टिक वितळतं.

उत्तर: दारांच्या फटींत काळा वॉश नको, बॉडीचीच गडद छटा घ्या. वॉशमधला थिनर मॉडेलवरच्या छापील अक्षरांना लागला तर ती पुसली जातात.